पायाभरणीच्या दिवशी रडणारे म्हातारे

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ईस्टरच्या निमित्ताने ख्रिस्ती श्रद्धेतील आनंदाविषयी जो लेख प्रसिद्ध झाला, तो मी दोनदा वाचला. लेखाची भाषा प्रसन्न आहे आणि लेखकाची श्रद्धा प्रामाणिक आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु त्यातील एका विधानाशी मी सहमत होऊ शकत नाही, आणि ते विधान ओघात सहज आलेले नाही, साऱ्या लेखाचा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. 'प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा' हे प्रेषित पौलाचे वचन आणि परमेश्वराविषयीचा आनंद हेच तुमचे बळ, या आशयाचे जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकातील वचन, अशी दोन वचने देऊन लेखकाने निष्कर्ष काढला आहे की, शोक ही अपुऱ्या विश्वासाची खूण आहे आणि ज्याने पुनरुत्थान मानले त्याच्या घरातून रडण्याचा आवाज ऐकू येऊ नये. मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. धर्मशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. पण वाक्य उचलण्यापूर्वी त्याच्या मागचे-पुढचे वाचावे, एवढी शिस्त भाषेच्या मास्तराला असतेच, आणि ती पाळली तर ही दोन्ही वचने लेखकाच्या बाजूने साक्ष देत नाहीत, असे मला आढळते.

हे लिहिण्यामागे घरचे कारण आहे, ते लपवत नाही. गेल्या डिसेंबरात, नाताळच्या दोन आठवडे आधी, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा दुचाकीच्या अपघातात गेला. त्याचे वय सत्तावीस. मातीनंतर तिसऱ्या दिवशी घरी सांत्वनाची उपासना ठेवली होती. बाहेरगावाहून आलेल्या एका उपदेशकांनी बहिणीकडे पाहून सांगितले, "ताई, डोळे पुसा. तो वैभवात गेला आहे. विश्वासणाऱ्यांच्या घरात हे शोभत नाही." आणि लगेच एक आनंदगीत सुरू करायला लावले. ढोलकी वाजली, लोकांनी टाळ्या धरल्या, बहिणीनेही धरल्या. रात्री सगळे पांगल्यावर ती ओट्यापाशी उभी राहून मला म्हणाली, "दादा, मी रडले तर त्याच्या तारणाला काही बाधा येते का रे?" चाळीस वर्षे न चुकता उपासनेला जाणाऱ्या बाईला हा प्रश्न पडावा, याला मी त्या एका उपदेशकांना जबाबदार धरत नाही. त्यांनी जे सांगितले ते आपल्या पुरवणीतील लेखात अधिक चांगल्या भाषेत आले आहे, आणि म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता आपणास लिहीत आहे.

ज्या पवित्र शास्त्राच्या नावाने ती ढोलकी वाजली, त्याच शास्त्रात नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात विसावे वचन आहे: खिन्न मनाच्या माणसापुढे गाणी गाणे म्हणजे थंडीच्या दिवशी त्याच्या अंगावरचे पांघरूण काढून घेणे, किंवा खारावर शिरका ओतणे. स्वयंपाकघरात खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळून पाहावे, म्हणजे हा दृष्टान्त देणाऱ्याची नजर किती बारीक होती ते समजते: क्षणभर फसफस उसळते, बघणाऱ्याला उत्साह वाटतो, आणि मग ना सोडा सोड्याच्या कामाचा राहतो ना लिंबू लिंबाच्या.

आता पौलाचे वचन पाहू. फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र हे बंदिवासातून लिहिलेले आहे, हे लेखकाने सांगितले आहे आणि ते खरे आहे. पण ज्या पत्राच्या चौथ्या अध्यायात 'सर्वदा आनंद करा' असे आहे, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताची हकीकत येते. फिलिप्पैच्या मंडळीने पौलासाठी पाठवलेली मदत घेऊन आलेला हा माणूस पौलापाशी असताना मरणाच्या दारापर्यंत आजारी पडला आणि वाचला. त्याविषयी पौल लिहितो की, देवाने त्याच्यावर दया केली आणि माझ्यावरही केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. म्हणजे एक दुःख आधीच होते, दुसरे टळले, आणि ते टळले याला पौल दया म्हणतो; आपला विश्वास इतका पक्का होता की मला काहीच वाटले नसते, असे तो म्हणत नाही. तिसऱ्या अध्यायात तर तो आपण हे अश्रू गाळत सांगत आहोत, असे स्वतःच नमूद करतो. चार अध्यायांच्या छोट्या पत्रात ज्याने आपले दुःख आणि आपले अश्रू दोन्ही लिहून ठेवले, त्याच्या 'सर्वदा' या शब्दाचा अर्थ 'अश्रूंविना' असा कसा करता येईल? करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या सहाव्या अध्यायात त्याने तो अर्थ स्वतःच उलगडला आहे: आम्ही दुःखी असलो तरी सर्वदा आनंद करणारे आहोत. तिथे 'दुःखी असलो तरी' आहे, 'दुःखी होतो पण आता नाही' असे नाही.

लेखकाने थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचाही आधार घेतला आहे: मरण पावलेल्यांविषयी 'आशा नसलेल्या इतरांसारखा' खेद तुम्ही करू नये. येथे मला माझ्या वर्गातील फळ्याची आठवण होते. 'पावसात भिजलेल्या मुलांसारखे बाकावर बसू नका' या वाक्यातील पहिले चार शब्द पुसले तर 'बसू नका' एवढेच उरते. पण सांगणाऱ्याने बसण्याची रीत सांगितली होती, उभे राहायला सांगितले नव्हते. पौल आशा असलेल्यांचा खेद आणि आशा नसलेल्यांचा खेद यांत फरक करतो. पहिल्या प्रकारचा खेद अस्तित्वातच नसता तर फरक करण्याचे काही कारण नव्हते.

नहेम्याच्या वचनाविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ज्या प्रसंगातून ते उचलले आहे तो प्रसंग साऱ्या जुन्या करारातील अत्यंत बोलक्या प्रसंगांपैकी एक आहे, आणि तो समजण्यासाठी त्याच्या आधीची जवळजवळ दीडशे वर्षे डोळ्यांपुढे आणावी लागतात. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलच्या सैन्याने यरुशलेम पाडले आणि शलमोनाचे मंदिर जाळले. इ. स. पू. ५३८ मध्ये पारसाचा राजा कोरेश याच्या हुकमाने लोक परतू लागले. परतल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी नव्या मंदिराचा पाया घातला गेला, तो प्रसंग एज्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. याजक आपली वस्त्रे लेवून कर्णे घेऊन उभे आहेत, आसाफाचे वंशज झांजा वाजवीत आहेत, स्तुती चालली आहे आणि लोक मोठ्याने जयघोष करीत आहेत. त्या गर्दीत पुष्कळ म्हातारे असे होते की ज्यांनी पहिले मंदिर डोळ्यांनी पाहिले होते. हिशेब केला तर त्यांतला सर्वांत तरुण माणूससुद्धा साठीच्या आसपास असणार, आणि त्याने ते मंदिर पाहिले असेल ते कोणाचा तरी हात धरून, लहानपणी. नवा पाया पाहून हे म्हातारे हेल काढून रडू लागले. आणि मग ते वचन येते, ज्यापाशी मी दरवेळी थांबतो: हर्षाच्या जयघोषाचा आवाज कोणता आणि रडण्याचा आवाज कोणता, हे लोकांना ओळखता येईना, आणि तो गलबला दूरवर ऐकू जात होता.

येथे ग्रंथकाराने काय केले नाही, ते पाहण्यासारखे आहे. त्याने म्हाताऱ्यांना गप्प बसवले नाही, तरुणांनाही दरडावले नाही. कोणाची भावना बरोबर, याचा निवाडा केला नाही. मंदिराच्या पायाभरणीच्या शुभप्रसंगी अपशकुन झाला म्हणून कोणी पुढे सरसावल्याचे लिहिलेले नाही. दोन्ही आवाज त्याने एकाच वाक्यात बांधले आणि तिथेच अध्याय संपवला. मूळ इब्रीत जयघोषासाठी येथे 'तेरूआ' हा शब्द आहे, आणि हा शब्दच दुहेरी आहे. तेरूआ म्हणजे हर्षाची आरोळी, आणि तेरूआ म्हणजे संकटाचा, लढाईचा इशाराही. लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणे सातव्या महिन्याचा पहिला दिवस हा तेरूआचा दिवस, त्या दिवशी यहूदी लोक आजही एडक्याचे शिंग फुंकतात. ते शिंग कसे फुंकावे, हा आवाज नेमका कसा असावा, याचा विचार करताना तालमुद या यहूदी धर्मग्रंथातील पंडितांनी जो आधार शोधला तो ऐकण्यासारखा आहे. शास्त्यांच्या पुस्तकात दबोरेच्या गीताच्या शेवटी सीसरा या शत्रुसेनापतीची आई खिडकीतून वाट पाहत आक्रोश करते: त्याचा रथ यायला इतका उशीर का? तो मेला आहे, हे वाचकाला ठाऊक आहे, तिला नाही. तिच्या त्या रडण्याचा शब्द घेऊन पंडितांनी तेरूआचा अर्थ लावला. ते रडणे दीर्घ कण्हण्यासारखे होते की तुटक हुंदक्यांसारखे, यावर मतभेद झाला, तेव्हा दोन्ही प्रकारांनी फुंकावे असे ठरले. वर्षारंभाच्या सणाचा नाद हा शत्रूच्या आईच्या हुंदक्यावरून ठरवणाऱ्या परंपरेला शोकाचे वावडे होते, असे म्हणणे कठीण आहे.

नहेम्याच्या आठव्या अध्यायातला प्रसंग नेमका याच दिवशी घडतो, सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला. पाया घातल्यापासून नव्वदेक वर्षे उलटली आहेत, मंदिर बांधून झाले आहे, तटही उभा राहिला आहे. पाणीवेशीपुढच्या चौकात लाकडी मंचावर उभा राहून शास्त्री एज्रा पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचतो, लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, त्याचा अर्थ फोड करून सांगतात, आणि ऐकता ऐकता सगळे लोक रडू लागतात. तेव्हा त्यांना सांगितले जाते की, शोक करू नका, रडू नका. आजचा दिवस पवित्र आहे. जा, पौष्टिक अन्न खा, गोड पेये प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. परमेश्वराविषयीचा आनंद हा तुमचा दुर्ग आहे. 'बळ' असे आपण म्हणतो तिथे मूळ शब्दाचा अर्थ किल्ला, आश्रयाची जागा असा आहे. किल्ला हा आत शिरण्यासाठी असतो. दुखावलेल्या माणसाच्या अंगावर तो फेकून मारता येत नाही.

आपल्या लेखकाने येथे पुस्तक मिटले. एक पान उलटले असते तर त्यांना पुढची तारीख दिसली असती. लोक मांडवांचा सण पाळतात, डहाळ्यांचे मांडव घालून त्यांत राहतात, फार मोठा आनंद होतो. सण संपतो. आणि नवव्या अध्यायाचे पहिलेच वचन सांगते की, त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी तेच लोक उपास करून, गोणपाट नेसून, डोक्यावर माती घेऊन जमले. दिवसाचा एक चतुर्थांश नियमशास्त्र ऐकण्यात आणि एक चतुर्थांश पापे कबूल करण्यात गेला. पहिल्या तारखेला 'रडू नका' म्हणणाऱ्यांनी रडणे रद्द केले नव्हते, त्याला तारीख दिली होती. मध्ये तेवीस दिवस गेले, आणि अश्रू वाट पाहत थांबले. शिवाय त्या दिवसाच्या आनंदाच्या आज्ञेला जोडूनच दुसरी आज्ञा होती: ज्यांच्याकडे काही नाही त्यांना वाटे पाठवा. आनंद करायला सांगणाऱ्याने हातात डबा घेऊन यावे, असा त्याचा साधा अर्थ मी करतो.

डब्यावरून आठवले, म्हणून सांगतो. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, तेव्हा शेजारपाजारचे पिठले-भाकरी आणून देतात, ही आपल्याकडची रीत ख्रिस्ती घरांतही चालत आलेली आहे. बहिणीच्या शेजारच्या एक आजी, ज्यांनी बायबल कधी उघडले नसेल, मातीच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आल्या, भिंतीला पाठ टेकून बसल्या आणि तासभर एक शब्द बोलल्या नाहीत. मुलेबाळे आणि सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर असेच न बोलता बसले होते. त्यांच्या साऱ्या वागण्यात तेवढाच भाग निर्दोष आहे, पुढे ते बोलू लागले आणि बिघडले. पंधरवड्याने बहिणीने चूल पुन्हा हाती घेतली, तेव्हा हाताच्या सवयीने सात भाकरी थापल्या. सातवी तव्यावर फुगत असताना तिच्या लक्षात आले. ती भाकरी तिने कोणाला वाढली नाही आणि टाकलीही नाही. फडक्यात गुंडाळून दुरडीच्या तळाशी ठेवली. मंडळीतल्या कोणी ते पाहिले असते तर त्यावरही वचन सांगितले असते, अशी मला भीती वाटते.

हर्षाची सक्ती शास्त्रात कुठे दिसतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. दिसते, आणि ती करणारा कोण आहे हे पाहावे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अठराव्या आणि एकोणिसाव्या अध्यायात बंडखोर मुलगा अबशालोम मारला गेल्याची बातमी दाविदाला कळते आणि तो वेशीवरच्या खोलीत जाऊन 'माझ्या पुत्रा, माझ्या पुत्रा' म्हणून आकांत करतो. विजयाचा दिवस साऱ्या लोकांना शोकाचा झाला. लढाई जिंकून आलेले सैनिक, पळून आलेल्यांनी लाजेने चोरपावलांनी शिरावे तसे नगरात शिरले. तेव्हा सेनापती यवाब आत जाऊन राजाला झापतो: तुझ्यासाठी ज्यांनी जीव धोक्यात घातले त्यांचे तोंड तू काळे केलेस, आता बाहेर ये आणि त्यांच्याशी गोड बोल, नाहीतर आज रात्री एकही माणूस तुझ्याजवळ राहणार नाही. दावीद उठतो आणि वेशीत येऊन बसतो. यवाबाचे म्हणणे राज्यकारभाराच्या दृष्टीने चूक नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. पण अबशालोम झाडात अडकून लोंबकळत असताना त्याच्या छातीत तीन भाले खुपसणारा हाच यवाब होता, आणि ग्रंथकाराने ती गोष्ट पानभर आधीच सांगून ठेवली आहे. पित्याला 'पुरे आता' म्हणणाऱ्याचे स्वतःचे काय गुंतलेले असते, हा प्रश्न तेव्हापासून उघडाच आहे. आमच्या घरी आलेल्या उपदेशकांचे काही गुंतले नव्हते. त्यांना बहुधा रडण्याची भीती वाटत होती. ती पुष्कळांना वाटते, मलाही वाटली. ढोलकी सुरू झाली तेव्हा मी थांबवायला पुढे झालो नाही, हे या पत्रात लिहून ठेवतो.

नव्या करारात हे बदलले, तिथे पुनरुत्थानाचा आनंद आहे, असे उत्तर येईल. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात झावळ्यांच्या रविवारचा प्रसंग आहे, जो दरवर्षी आपल्या गावागावांतून मिरवणुकीने साजरा होतो. जैतुनाच्या डोंगराच्या उतारावर शिष्यांचा समुदाय मोठ्या आवाजात हर्षाने देवाची स्तुती करू लागतो. परूशी, म्हणजे कर्मठ यहूदी पंथाचे लोक, म्हणतात यांना गप्प करा, येशू म्हणतो हे गप्प राहिले तर धोंडे ओरडतील. याला लागून, मध्ये काही न येता, पुढचे वाक्य असे की, नगर दिसताच तो त्याच्यासाठी रडला. मिरवणूक थांबल्याचे लिहिलेले नाही. म्हणजे ज्याच्यासाठी जयघोष चालला होता तो रडत होता आणि जयघोष करणाऱ्यांना त्याने 'तुम्ही का हसता' असे विचारले नाही. योहानाच्या अकराव्या अध्यायात लाजर या मेलेल्या मित्राच्या कबरेकडे जाताना तो रडतो, तेही काही क्षणांत आपण याला उठवणार आहोत हे ठाऊक असताना. पुनरुत्थान माहीत असलेल्याने रडू नये, हा नियम खरा असता तर तो सर्वांत आधी तिथे लागू व्हायला हवा होता. आणि रोमकरांस पत्रातील बाराव्या अध्यायाची आज्ञा दोन पायांवर उभी आहे: आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करा, शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा. शोक करणाऱ्यांना आनंदात आणा, असा तिचा पाठ कुठेही नाही.

स्तोत्रसंहितेतील विलापाच्या स्तोत्रांपैकी बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात, हे लेखकाचे म्हणणे बरोबर आहे. तेराव्या स्तोत्रात चार वेळा 'कोठवर' विचारून कवी सहाव्या वचनात गाऊ लागतो. पण हे वळण त्याचे त्याने घेतलेले आहे, आणि वळण्यापूर्वी त्याला पुरते विचारू दिले आहे. आणि वळण न घेणारे एक स्तोत्रही संग्रहात ठेवले आहे. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राचा शेवटचा शब्द 'अंधार' हा आहे. उपासनेसाठी एकत्र केलेल्या दीडशे स्तोत्रांत ते आले कसे, असा प्रश्न संग्रह करणाऱ्यांना पडला असेलच. त्यांनी ते वगळले नाही आणि शेवटी एखादी आशेची ओळही जोडली नाही.

यरुशलेमच्या नाशावरील विलापगीत या पुस्तकाच्या बाबतीत यहूदी लोकांनी एक मध्यम मार्ग काढला, आणि तो मला फार माणुसकीचा वाटतो. या पुस्तकाचे शेवटचे वचन, तू आम्हांला अगदीच टाकलेस का, तू आमच्यावर अतिशय कोपला आहेस, अशा अर्थाचे आहे. मंदिराच्या नाशाचा उपास यहूदी पंचांगातील अब महिन्याच्या नवमीला पाळतात, त्या रात्री हे पुस्तक सभास्थानात वाचतात. तेव्हा शेवटचे वचन वाचून झाल्यावर त्याच्या आधीचे, 'आम्हांला तुझ्याकडे परत फिरव' हे वचन पुन्हा म्हणतात. कडू वचन गाळत नाहीत. ते पूर्ण उच्चारून मग एक पाऊल मागे येतात. कोकणातील बेने इस्रायल समाज, ज्यांना आपण शनवार तेली म्हणून ओळखत आलो, या उपासाला मराठीत 'बिरड्याचा सण' म्हणत असे, कारण त्या वेळी वालाचे बिरडे करीत. देशोधडीला लागल्याच्या शोकदिवसाला वालाच्या बिरड्याचे नाव आणि वर 'सण' हा शब्द, यात मला विसंगती दिसत नाही. ज्यांनी तो शोक कित्येक पिढ्या मुलाबाळांसह, ताटावर बसून सांभाळला त्यांना तो सणासारखाच घरचा झाला होता.

अति शोकालाही शास्त्रात मर्यादा आहे, हे न लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. देवाने नाकारलेल्या शौल राजासाठी किती दिवस शोक करत बसणार, असे संदेष्टा शमुवेलाला विचारले गेले आणि नव्या राजाच्या अभिषेकासाठी तेलाचे शिंग भरून घेऊन निघायला सांगितले गेले. तालमुदात असे येते की, दुसरे मंदिर पडल्यावर काहींनी मांस आणि द्राक्षारस कायमचे सोडले, तेव्हा रब्बी यहोशवाने त्यांना समजावले: मुळीच शोक न करणे शक्य नाही आणि अति शोक करणेही शक्य नाही, तेव्हा माणसाने आपल्या घराला खुशाल गिलावा करावा, फक्त थोडी जागा तशीच सोडावी. मला ही तोडगा सुचवण्याची पद्धत आवडते. घर राहण्याजोगे व्हावे आणि भिंतीचा एक तुकडा उघडा राहावा.

मराठी वाचकाला या संदर्भात पंडिता रमाबाईंची आठवण होणे स्वाभाविक आहे. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी इब्री आणि ग्रीक मुळावरून बायबलचे संपूर्ण मराठी भाषांतर केले. त्या कामाच्या अखेरच्या टप्प्यात, जुलै १९२१ मध्ये, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या. भाषांतर पूर्ण झाले होते आणि १९२४ मध्ये ते छापून प्रसिद्ध झाले. यिर्मयात आणि पुन्हा मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि सांत्वन पावू इच्छीत नाही, कारण ती नाहीत, हे वचन आहे. मत्तयाने ते येशूच्या जन्माच्या गोष्टीत घातले आहे, म्हणजे आपण नाताळात वाचतो त्याच अध्यायात, ज्ञानी लोकांच्या सोने-धूप-गंधरसानंतर लगेच. हे वचन रमाबाईंच्या हातून मराठीत उतरले. त्यांच्या विश्वासाविषयी शंका घेण्याचे धाडस आपले लेखक करतील, असे मला वाटत नाही.

या ईस्टरला आमच्याकडे नेहमीप्रमाणे पहाटेची उपासना दफनभूमीत झाली. आदल्या दिवशी घराघरांतून माणसे येऊन कबरींना चुना देऊन गेली होती. बहिणीनेही दिला होता, आणि तिच्या नखांत तो तसाच राहिला होता. अंधार असतानाच मेणबत्त्या लावल्या, झेंडू आणि शेवंती वाहिली, आणि उजाडता उजाडता पुनरुत्थानाचे गीत सुरू झाले. ती माझ्या डाव्या हाताला उभी होती. पहिली तीन कडवी तिने खड्या आवाजात म्हटली. चौथ्यात तिचा आवाज गेला आणि खांदे हलू लागले, पण ओठ शब्दांबरोबर चालूच होते. पलीकडच्या रांगेत आणखी दोघी तशाच. कोण गाते आहे आणि कोण रडते आहे, हे मला त्या उजेडात सांगता आले नसते, आणि सुदैवाने कोणी सांगायलाही गेले नाही.

शेवटी एक विनंती. आपल्या पुरवणीत नहेम्याच्या आठव्या अध्यायाचे दहावे वचन चौकटीत, ठळक अक्षरांत छापले होते. ते छापू नये असे माझे म्हणणे नाही, ते मलाही प्रिय आहे. पुढल्या वेळी ते छापाल तेव्हा त्याच चौकटीत, त्याच आकाराच्या अक्षरांत, नवव्या अध्यायाचे पहिले वचनही छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, अहिल्यानगर